स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन: ठिपके जागेवर राहतात, केस राहत नाहीत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले आहेत आणि टाळूवर केस विरळ झाले आहेत. गोळ्यांची भीती वाटते, आणि हेअर ट्रान्सप्लांटसाठी मागच्या बाजूचे केस फारसे दाट नाहीत असे एका डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यानंतर एका केंद्रात ‘एसएमपी’ म्हणजे स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन सुचवण्यात आले: शस्त्रक्रिया नाही, औषध नाही, तीन सिटिंगमध्ये काम पूर्ण. यात कितपत तथ्य आहे, हे किती वर्षे टिकते, आणि पुढे नकोसे वाटले तर काय करायचे?

त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मला वीसहून अधिक वर्षे झाली असून त्यातली गेली काही वर्षे मी स्वतः एसएमपी करतो. त्यामुळे मत आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. उपाय चांगला आहे, योग्य माणसावर केला तर समाधान देणारा आहे. परंतु एकोणतिसाव्या वर्षी, केस अजून सरकत असताना, तो पहिला उपाय म्हणून करून घेऊ नये.

या पद्धतीत अतिशय बारीक सुईने डोक्याच्या त्वचेत रंगद्रव्याचे हजारो सूक्ष्म ठिपके सोडले जातात, आणि ते नुकत्याच कापलेल्या केसांच्या खुंटांसारखे दिसतात. एकही नवा केस उगवत नाही. पूर्ण टक्कल असेल तर डोके बारीक मशीन फिरवल्यासारखे दिसते, आणि विरळ केस असतील तर केसांमधून चमकणारी पांढुरकी त्वचा झाकली जाऊन दाटीचा भास होतो. हे दोन उपयोग वरवर सारखे वाटले तरी त्यांचे तंत्र वेगळे आहे आणि परिणामही वेगळे आहेत. कोणता करून घेत आहोत हे अनेकांना शेवटपर्यंत स्पष्ट नसते, तेव्हा ते पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

तंत्राचा सगळा जीव सुईच्या खोलीत आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा होतो, त्यामुळे रंग त्या थरातच राहिला तर तो थराबरोबर निघून जातो. रंग त्याच्या किंचित खाली, आतल्या थराच्या वरच्या भागात बसला पाहिजे. अंतर सांगायचे तर साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. त्याहून खोल गेला तर ठिपका पसरतो आणि निळसर दिसू लागतो. हे समजावून सांगताना मी रुग्णांना त्यांच्या आजीचे किंवा पणजीचे गोंदण आठवायला सांगतो. गोंदारणीने हातावर तुळशीवृंदावन गोंदले तेव्हा काजळी काळीच होती, पन्नास वर्षांनंतरही ती काळीच आहे, तरी आपल्याला गोंदण हिरवट-निळे दिसते. कारण रंग त्वचेत खोल आहे, आणि वरच्या थरांतून प्रकाश विखुरताना त्यातला निळा भाग अधिक प्रमाणात आपल्या डोळ्यांकडे परत येतो. आजीच्या मनगटावर तो रंग शोभतो. कपाळाच्या वर, उन्हात, तोच रंग दिसला की समोरच्याला काहीतरी चुकले आहे हे लगेच कळते.

त्यात डोक्याची त्वचा सगळीकडे सारख्या जाडीची नसते. कपाळालगत एक, टाळूवर दुसरी, मागे तिसरी. जुन्या टकलावरची त्वचा पातळ आणि ताणलेली असते. शस्त्रक्रियेच्या व्रणावर तर कुठे रंग बसतच नाही आणि कुठे एकदम पसरतो. मशीनवर खोलीचा आकडा लावून हे काम होत नाही. हाताला त्वचेचा प्रतिकार कळावा लागतो.

दुसरी गोष्ट ठिपक्याच्या आकाराची आहे, आणि चांगल्या-वाईट कामातला फरक माझ्या मते इथेच पडतो. डोक्यावरच्या केसाची जाडी साधारणपणे ०.०६ ते ०.०८ मि.मी. असते. सुईने सोडलेला ठिपका बरा झाल्यानंतर कितीही सुबक असला तरी त्याहून मोठाच राहतो. ठिपका केसाइतका बारीक करता येत नाही, म्हणून तो केसापेक्षा फिका ठेवावा लागतो. काळ्या केसांसाठीही रंग काळा नव्हे, तर पातळ केलेला करडा वापरावा लागतो. मोठा आणि काळा ठिपका डोळ्याला ठिपकाच दिसतो, मोठा आणि करडा ठिपका चार फुटांवरून केसाचा खुंट दिसतो. समोर आरसा धरला की जवळजवळ प्रत्येक रुग्ण म्हणतो, “डॉक्टर, अजून थोडं गडद करा की.” अशा वेळी नकार देणे हा या कामाचा भाग आहे. म्हणूनच पहिल्या सिटिंगमध्ये मुद्दाम कमी काम करतात. सुरुवातीचे आठ-दहा दिवस रंग गडद दिसतो, खपल्या गेल्यावर बराच फिका पडतो, आणि खरा रंग तीन-चार आठवड्यांनी कळतो. त्यानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिटिंगमध्ये भर घालता येते. एकाच सिटिंगमध्ये सगळे करून देतो असे कोणी म्हणत असेल तर तिथून उठावे.

आता तुमच्या वयाच्या मुद्द्याकडे येतो. पुरुषांमधील आनुवंशिक टक्कल ही घडून गेलेली घटना नसून चालू असलेली प्रक्रिया आहे. डीएचटी या संप्रेरकाला संवेदनशील असलेली केसांची मुळे हळूहळू आकसतात, केस दरवेळी अधिक बारीक उगवतात आणि शेवटी दिसेनासे होतात. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये या प्रक्रियेच्या पायऱ्या मांडल्या, नॉरवूड यांनी १९७५ मध्ये त्या सुधारल्या, आणि आजही आम्ही पहिल्या ते सातव्या पायरीच्या भाषेतच बोलतो. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुम्ही तिसऱ्या पायरीच्या आसपास आहात. चाळिशीत तुम्ही चौथ्या पायरीवर असाल की सहाव्या, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. वडील, काका, मामा यांच्या डोक्यांवरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच.

ठिपके मात्र जिथे सोडले तिथेच राहतात. आजच्या केसांना जुळवून कपाळाची रेषा आखली आणि पाच वर्षांनी त्यामागचे केस गेले, तर पुढे ठिपक्यांची रेघ, मध्ये मोकळी त्वचा आणि मागे खरे केस असे दृश्य तयार होते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. एसएमपी करायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी पंचविशीतला एक तरुण माझ्याकडे आला होता. लग्न ठरायचे होते. त्याला शाळेच्या फोटोत होती तशी खाली आणि सरळ हेअरलाइन हवी होती. मी दोनदा समजावले, तिसऱ्यांदा त्याच्या आग्रहाला बळी पडलो. काम दिसायला सुरेख झाले. त्या वेळचे फोटो मी अजूनही ठेवले आहेत. तीन वर्षांनी तो टोपी घालूनच आत आला. टोपी काढली तेव्हा कपाळावर माझी रेषा जशीच्या तशी होती, मागे बोटभर रुंद पट्टा मोकळा होता, आणि पट्टीने आखल्यासारख्या त्या सरळ रेषेमुळे सगळे अधिकच कृत्रिम दिसत होते. पुढची ओळ लेझरने काढली, उरलेले काम मागे वाढवले, आणि आता तो डोक्यावर कायम बारीक मशीन फिरवतो. तो मला दोष देत नाही, पण दोष माझाच होता. तेव्हापासून तिशीच्या आतल्या व्यक्तीच्या कपाळाची रेषा मी सहसा आखत नाही, आणि आखलीच तर वयाला शोभेल इतकी वर आणि कोपऱ्यांत थोडी मागे घेतलेलीच आखतो.

म्हणून आधी केसांचे सरकणे थांबते का ते पाहावे. मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचे औषध आहे. फिनास्टेराइडच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीला टकलावरील उपचार म्हणून अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली, आणि तिचा अनुभव आता पाव शतकाहून अधिक काळाचा आहे. तिच्याविषयीची तुमची भीती मी उडवून लावणार नाही. काही थोड्या पुरुषांना लैंगिक इच्छेवर किंवा क्षमतेवर परिणाम जाणवतो, काहींना मन उदास वाटते, आणि असे झाल्यास गोळी थांबवून डॉक्टरांशी बोलावे लागते. पण मित्राच्या सांगण्यावरून गोळी टाळणे वेगळे आणि स्वतःचा इतिहास डॉक्टरांसमोर ठेवून टाळणे वेगळे. गोळी नकोच असेल तर निदान लावण्याचे औषध वर्षभर नियमित वापरून, दर तीन महिन्यांनी एकाच प्रकाशात, एकाच कोनातून काढलेले फोटो जवळ ठेवा. औषध उरलेले केस सांभाळते, ठिपके गेलेल्या केसांची जागा झाकतात; एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

त्याआधी निदान पक्के हवे, कारण विरळ डोके म्हणजे दरवेळी आनुवंशिक टक्कल नसते. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस गळतात आणि पुढे आपोआप भरून येतात. अशा काळात घाबरून ठिपके करून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. चाई पडलेल्या जागी केस परत येऊ शकतात आणि नवी चाई भलतीकडेच पडू शकते, तेव्हा ती चालू असताना सुई लावू नये. डोक्यावर सोरायसिस असेल किंवा लायकेनसारखा मुळे जाळणारा आजार सक्रिय असेल, तर सुईच्या इजेनेच आजार त्या जागी उफाळू शकतो. जखमेवर मांसल, उंच व्रण येण्याची प्रवृत्ती असेल तर माझा सरळ नकार असतो. आणखी एक अडचण फारशी कोणी सांगत नाही: ठिपके झाल्यानंतर ट्रायकोस्कोपने, म्हणजे केस आणि त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, डोके तपासताना रंगाचा ठिपका कोणता आणि तुटलेल्या केसाचे टोक कोणते हे ओळखणे कठीण होते, म्हणून तपासणी आधीच करून तिचे फोटो जपून ठेवावेत.

मग हे करावे कोणी? माझ्या अनुभवात सर्वांत समाधानी रुग्ण व्रण झाकायला आलेले असतात. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सप्लांटमध्ये मागून त्वचेची पट्टी काढत, तिचा आडवा पांढरा व्रण केस बारीक केले की उघडा पडतो. किंवा नव्या पद्धतीत एकाच जागेतून नको तितके ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचे पुंजके, काढल्यामुळे डोक्याची मागची बाजू उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. व्रण जुना, मऊ आणि फिका झालेला असेल तर दोन-तीन सिटिंगमध्ये तो नजरेआड होतो. त्यानंतर येतात चाळिशी-पन्नाशीचे, आधीपासूनच गुळगुळीत डोके ठेवणारे पुरुष. त्यांचे सरकायचे ते सरकून झालेले असते. तिसरा गट भांग रुंदावलेल्या स्त्रियांचा. लांब केसांमुळे त्यांच्यात बारीकसारीक दोष झाकले जातात, पण थायरॉइड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि पाळीच्या तक्रारी तपासल्याशिवाय त्यांच्याही भांगाला हात लावू नये. ठिपके भांगाच्या एकाच रेषेवर न करता दोन्ही बाजूंना विरत जाणारे करावेत, नाहीतर भांग बदलायची सोय राहत नाही.

तुमच्यासारख्याने विरळ टाळूपुरते काम करून घेणे हा मधला मार्ग आहे आणि वर्षभर औषध घेऊन केस स्थिरावले तर मी तो सुचवीनही. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, तेलकट टकलाची चकाकी ठिपक्यांनी जात नाही. दिव्याखाली त्वचा चमकली की भास मोडतो, त्यासाठी चकाकी मारणारे लोशन लावावे लागते. दुसरी गोष्ट आपल्याकडची आहे. लांब केसांमध्ये दाटी दाखवण्यासाठी केलेले ठिपके पुष्कळदा थोडे गडद आणि जवळजवळ असतात. उद्या तिरुपतीला जाऊन केस दिले, किंवा वडिलांच्या दहाव्याला मुंडण केले, तर वस्तरा फिरल्यावर टाळूवर गडद गोल डाग आणि भोवती फिकी त्वचा असे चित्र दिसू शकते. मी हा प्रश्न प्रत्येकाला विचारतो. सुरुवातीला माणसे चमकतात, पण उत्तर देतात, आणि त्या उत्तरावरून मी ठिपक्यांची छटा ठरवतो. उलट पूर्ण डोक्याचे काम करून घेणाऱ्याला दर दोन-तीन दिवसांनी मशीन फिरवावे लागते आणि पहिले काही आठवडे “घरी काही झालं का?” या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. हसण्यावारी नेऊ नका, काही जणांना त्याचा खरोखर त्रास होतो.

सुरक्षिततेबद्दल केंद्रात विचारायला संकोच करू नये. सुईचे कार्ट्रिज तुमच्यासमोर फोडले पाहिजे आणि तुमच्यासमोर टाकून दिले पाहिजे. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा धोका सगळ्यांना माहीत असतो. शाईकडे मात्र दुर्लक्ष होते. २०११ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात टॅटू काढून घेतलेल्या अनेकांच्या त्वचेवर मायकोबॅक्टेरियम चेलोनी या जंतूचा संसर्ग झाला, आणि त्याचे मूळ पाणी घालून आधीच तयार केलेल्या करड्या शाईत सापडले. एसएमपीचे सगळे काम करड्या शाईचे आहे. ती पातळ कशाने करता, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा, आणि उत्तर निर्जंतुक द्रावण असेच आले पाहिजे.

रंगद्रव्य कोणते हेही विचारा. शुद्ध कार्बनचा काळा रंग हळूहळू फिका होत जातो. लोहाच्या ऑक्साइडवर आधारलेले रंग फिके होताना तांबूस छटा धरू शकतात, आणि लेझर मारला तर उजळण्याऐवजी गडद होऊ शकतात. ‘दोन वर्षांत आपोआप पूर्ण निघून जाते’ या आश्वासनावर विसंबून कोणीही निर्णय घेऊ नये. पूर्ण आणि एकसारखे निघून जाईल याची हमी कोणताच रंग देत नाही. व्यवहारात चांगले काम तीन ते सहा वर्षे नीट दिसते, उन्हात फिरणाऱ्याचे लवकर फिकटते, आणि मग पुन्हा हात फिरवावा लागतो. तो खर्च आजच्या हिशेबात धरावा.

नको वाटले तर काय, याचे उत्तर वर येऊन गेले आहे: लेझर. १०६४ नॅनोमीटरच्या क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझरला कार्बनचे उथळ ठिपके चांगला प्रतिसाद देतात. पण आपल्या सावळ्या त्वचेवर हे काम सबुरीने करावे लागते, एका वेळी निघत नाही, आणि खर्च होतो. केसांच्या मुळांना सुईने इजा होते का, ही शंकाही बरेच जण विचारतात. जाड केसाचे मूळ त्वचेखाली साधारण चार मिलिमीटर खोल असते आणि सुई एक मिलिमीटरच्या पुढे जात नाही, त्यामुळे नीट केलेल्या कामाने असलेले केस जात नाहीत आणि पुढे ट्रान्सप्लांट करायचे दारही बंद होत नाही.

सिटिंगनंतर पहिले चार-पाच दिवस डोके कोरडे ठेवायचे: घाम नाही, पोहणे नाही, व्यायामशाळा नाही, तेल नाही. पुण्यात राहून दुचाकीवर फिरणाऱ्याला हेल्मेटचे काय करायचे हा खरा पेच आहे. हेल्मेट टाळू नये, दुचाकी टाळावी. तारीख ठरवताना कॅलेंडर पाहावे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काम करून अभ्यंगस्नानाला तेल चोळून बसलेले, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ताज्या छिद्रांवर गुलाल घेऊन आलेले असे दोन्ही प्रकार माझ्याकडे येऊन गेले आहेत. लग्नासाठी करायचे असेल तर शेवटची सिटिंग निदान दीड महिना आधी संपली पाहिजे.

दोन व्यावहारिक गोष्टी. हे शेवटी टॅटूच आहे, त्यामुळे आपल्याकडील नियमांनुसार त्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. आणि सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या मुलांना मी परत पाठवतो. भरतीत शरीरावरील कायमच्या टॅटूंबाबत कडक नियम आहेत आणि मूठभर ठिपक्यांसाठी ती जोखीम घेण्यात अर्थ नाही.

हे काम डॉक्टरांकडूनच करून घ्यावे का? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये हेअर ट्रान्सप्लांट कोणी करावे याबद्दल स्पष्ट सूचना दिल्या, आणि त्या योग्यच होत्या. एसएमपीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे, काही सहकाऱ्यांना ते आवडत नाही: केसगळतीचे निदान त्वचारोगतज्ज्ञानेच करावे, पण ठिपके सोडण्याचा हात एखाद्या मुरलेल्या कलाकाराचा माझ्यापेक्षा सरस असू शकतो. कोणाकडेही जा, त्यांनी केलेली डोकी काम झाल्याच्या दिवशीच्या फोटोत नव्हे, तर दोन-तीन वर्षांनंतर, उन्हात, प्रत्यक्ष पाहायला मागा.

तुमच्यापुरते सांगायचे तर आधी ट्रायकोस्कोपने तपासणी करून घ्या आणि झेपेल ते औषध वर्षभर घ्या. दरम्यान टाळूवर केसांचे फायबर शिंपडून ऑफिसला जा. एसएमपीने मिळणारी दाटी साधारण तशीच दिसते, आणि फायबर संध्याकाळी धुऊन टाकता येते. बारीक मशीनचा पर्याय मनात असेल तर एकदा शून्य नंबर मारून पंधरा दिवस तसेच राहून पाहा, स्वतःला आणि घरच्यांना सवय होते का ते कळेल. वर्षानंतर ठिपके हवेतच असे वाटले तर फोटोंच्या मालिकेबरोबर वडिलांचा चाळिशीतला एखादा फोटोही घेऊन जा. हेअरलाइन आखताना मला तरी तो रुग्णाच्या स्वतःच्या जुन्या फोटोपेक्षा अधिक उपयोगी पडतो.